कात्रीने विचारलेला प्रश्न

२५ नोव्हेंबर १७४०. हॉलंडमधल्या हेग शहराजवळच्या सोर्खव्हलीट नावाच्या इस्टेटीत तीस वर्षांच्या एका खासगी शिक्षकाने डाव्या तळहातावर थोडं पाणी घेतलं, त्यात एक जीव अलगद सोडला आणि कात्रीने त्याचे आडवे दोन तुकडे केले. जीव म्हणजे काही मिलिमीटर लांबीची एक मऊ नळी. तिचं एक टोक पाणवनस्पतीला किंवा काचेला चिकटून राहणारं, दुसऱ्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती अतिशय बारीक बाहू. दोन्ही तुकडे त्याने पाण्याच्या भांड्यात ठेवले आणि तो वाट पाहू लागला.

त्याला एकच गोष्ट ठरवायची होती: ही वनस्पती आहे की प्राणी? कसोटी त्याने साधी निवडली होती. फांदी तोडून मातीत खोचली तर ती जगते, प्राणी मधोमध कापला तर तो मरतो. तुकडे मेले तर प्राणी, जगले तर वनस्पती.

या शिक्षकाचं नाव अब्राहम ट्रेम्ब्ले. जन्म १७१० सालचा, जिनिव्हाचा. गणित शिकलेला हा तरुण नोकरीच्या शोधात हॉलंडला आला आणि काउंट विल्यम बेंटिंक यांच्या दोन लहान मुलांना शिकवू लागला. (पुढे हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल झालेले, सतीबंदीचा कायदा करणारे लॉर्ड विल्यम बेंटिंक याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतले.) मुलं अगदी लहान होती आणि त्यांची आई त्याच सुमारास घर सोडून गेली होती. ट्रेम्ब्लेने त्यांच्यासाठी इस्टेटीतली डबकी आणि चर हीच शाळा केली. मुलांना घेऊन पाणवनस्पती गोळा करायच्या, काचेच्या बरण्यांत ठेवायच्या, भिंगातून पाहायच्या. पुढे त्याने लिहिलेल्या ग्रंथातल्या चित्रांमध्येही ही मुलं त्याच्या अवतीभोवती दिसतात.

त्या उन्हाळ्यात अशाच एका बरणीत त्याला हे हिरवे जीव दिसले होते. रंग हिरवा, एका जागी चिकटलेले, वर बाहूंचा झुपका. पाहणाऱ्या कोणालाही ते रोपटंच वाटलं असतं. बाहू हलत होते, पण पाणी हललं की शेवाळही हलतं. मग एकदा बरणीला धक्का बसला आणि सगळे बाहू आणि नळ्या झटकन आक्रसून नुसते ठिपके उरले. थोड्या वेळाने ते पुन्हा हळूहळू लांबले. ट्रेम्ब्ले चकित झाला. धक्का बसल्यावर स्वतःला आवरून घेणं हे प्राण्याचं वागणं होतं.

पुढच्या आठवड्यांत त्याने त्यांना चालतानाही पाहिलं. नळी वाकायची, तोंडाकडचं टोक काचेला टेकायचं, मागचं टोक सुटून जवळ यायचं आणि पुन्हा तेच. कधी ते सरळ कोलांटीच घ्यायचे. वेग अतिशय मंद, पण दिशा ठरलेली. बरणीच्या ज्या बाजूला उजेड, त्या बाजूला त्यांची गर्दी जमे. हा योगायोग असेल अशी शंका घेऊन त्याने बरणीभोवती पुठ्ठ्याचं आवरण घातलं आणि त्याला बाणाच्या टोकासारख्या कोनात एक फट कापली. काही काळाने जीव नेमके त्या फटीच्या आकारात काचेवर जमले. बरणी फिरवली तेव्हा ते पुन्हा फटीसमोर चालत आले. डोळे तर त्यांना नव्हतेच.

हे सगळं प्राण्याच्या बाजूने जात होतं. तरी ट्रेम्ब्लेचा निर्णय होईना, कारण एक गोष्ट त्याला खटकत होती. या जिवांचे बाहू मोजले तर प्रत्येकात आकडा वेगळा येई. एकाला सहा, दुसऱ्याला आठ. त्याच्या माहितीतल्या प्राण्यांमध्ये पायांची संख्या जातीनुसार ठरलेली असे, फांद्यांची संख्या मात्र झाडागणिक बदलते. एवढ्या एका विसंगतीसाठी त्याने कात्री हातात घेतली. पुरेसा पुरावा समोर असताना उरलेल्या एका शंकेला एवढा मान देणारा हा माणूस मला त्या शतकातल्या अनेक मोठ्या तत्त्वज्ञांहून मोठा वाटतो.

तुकडे मेले नाहीत. तोंडाकडचा तुकडा फिरू लागला, त्यात नवल नव्हतं. शेपटाकडचा तुकडाही आक्रसत होता, लांबत होता. ४ डिसेंबरला, म्हणजे नवव्या दिवशी, त्या बिनतोंडाच्या तुकड्याच्या वरच्या कडेवर तीन बारीक टोकं दिसली. पुढच्या दिवसांत आणखी टोकं आली, त्यांचे बाहू झाले, तोंड झालं. आता बरणीत दोन पूर्ण जीव होते.

ट्रेम्ब्लेच्या कसोटीप्रमाणे निकाल लागला होता: वनस्पती. पण ही वनस्पती चालत होती. आणि लवकरच तिला जेवतानाही पाहिलं गेलं.

या क्षणी दोन सोपे मार्ग खुले होते. एक, जुनी कसोटी धरून ठेवायची आणि चालण्याकडे काणाडोळा करायचा. दुसरा, निसर्गाचा चमत्कार म्हणून वर्णन करून सोडून द्यायचं. त्याच्या आधी हा जीव पाहिलेल्या माणसाच्या बाबतीत साधारण तसंच घडलं होतं. डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने १७०२ च्या सुमारास हाच जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, त्याच्या अंगातून पिल्लू फुटतानाही पाहिलं होतं आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं होतं. मजकूर छापला गेला, पण त्यातून कोणी पुढचा प्रश्न काढला नाही. ट्रेम्ब्लेने तिसरा मार्ग घेतला. कसोटीच चुकीची असेल का, हे तपासायला तो बसला.

त्या काळी सजीवांची विभागणी पक्की मानली जाई. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेलं चित्र असं: वनस्पतींना पोसण्याची, वाढण्याची आणि पुनरुत्पादनाची शक्ती असते, प्राण्यांना त्याशिवाय संवेदना आणि हालचाल असते, माणसाला त्यावर बुद्धी. या शक्ती म्हणजे आत्म्याचे स्तर. प्राण्याचा आत्मा एक, अखंड. आता तो कात्रीने कापला तर कुठल्या तुकड्यात जातो? दोन्हीत गेला म्हणायचं तर आत्म्याचे तुकडे होतात असं कबूल करावं लागतं. हा प्रश्न धर्मगुरूंनाही झोंबणारा होता.

दुसरी अडचण जन्माच्या कल्पनेची. बहुतेक जाणकार मानत की प्रत्येक जिवाचं सूक्ष्म रूप बीजात आधीपासूनच तयार असतं, वाढ म्हणजे त्याचं मोठं होणं. मग ज्या ठिकाणी कात्री बसली, नेमक्या त्याच ठिकाणी नवं डोकं आधीपासून घडी घालून ठेवलेलं होतं काय? आणि कात्री जरा खाली बसली असती तर?

ट्रेम्ब्लेने पॅरिसला रेओम्यूर यांना पत्र लिहिलं. कीटकांवरचे अनेक खंड लिहिणारे रेओम्यूर हे तेव्हाच्या युरोपातले सर्वांत मान्यवर निसर्गअभ्यासक. खेकड्याच्या कुळातल्या क्रेफिशचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो हे त्यांनीच १७१२ मध्ये दाखवलं होतं. पाय उगवणं वेगळं आणि पायातून अख्खा क्रेफिश उगवणं वेगळं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी नमुने मागवले. १७४१ च्या फेब्रुवारीत ट्रेम्ब्लेने काचेच्या नळीत पाणी भरून जीव रवाना केले आणि नळीचं तोंड लाखेने घट्ट बंद केलं. पॅरिसला पोहोचेपर्यंत सगळे मेले होते. पुढच्या खेपेला लाखेऐवजी बूच वापरलं आणि जीव सुखरूप पोहोचले. प्राणवायूचा शोध लागायला अजून तीसेक वर्षं होती, श्वसन म्हणजे काय हे कोणालाच नीट माहीत नव्हतं, पण पाण्यात राहणाऱ्या आणि फुप्फुसं, कल्ले यांपैकी काहीच नसलेल्या या नळीलाही हवा लागते एवढं त्या लाखेने दाखवून दिलं.

मार्च १७४१ मध्ये रेओम्यूर यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत हे जीव दाखवले. त्यांनी स्वतः कापून पाहिले होते, आणि डोळ्यांनी पाहूनही विश्वास बसायला वेळ लागला असं त्यांनी मोकळेपणाने नोंदवलं. त्यांनी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ बर्नार द ज्युसिय यांनी या जिवाला 'पॉलिप' म्हटलं. आपण ज्या नावाने त्याला ओळखतो ते 'हायड्रा' हे नाव पुढे लिनियसने दिलं.

एव्हाना ट्रेम्ब्लेला तपकिरी, लांब बाहूंच्या आणखी दोन जाती सापडल्या होत्या आणि तो त्यांच्या आयुष्यातली एकेक गोष्ट उलगडत होता. पाण्यातली बारीक कृमी बाहूला लागली की अडकायची, बाहू तिला तोंडाकडे न्यायचे, नळी फुगायची. शिकार आत विरघळून जाई आणि न पचलेला भाग त्याच तोंडाने बाहेर येई. काळ्या रंगाच्या चपट्या कृमी खाऊ घातल्यावर शरीरातल्या बारीक कणांना काळसर छटा आली. म्हणजे अन्न नुसतं पोकळीत पडून राहत नव्हतं, ते शरीराचा भाग होत होतं. एकदा दोन हायड्रांनी एकाच कृमीची दोन टोकं गिळायला सुरुवात केली आणि मध्यावर गाठ पडल्यावर मोठ्याने धाकट्याला गिळून टाकलं. काही वेळाने गिळलेला हायड्रा जिवंत बाहेर आला!

पुनरुत्पादनाचं गणित तर आणखीच वेगळं निघालं. अंगावर एक फुगवटा येई, त्याला बाहू फुटत आणि दिवस भरले की पिल्लू सुटून जाई. जोडलेलं असेपर्यंत आई आणि पिल्लू यांची पचनाची पोकळी एकच असते हे त्याने दाखवलं. आईने खाल्लेलं पिल्लात जाई आणि पिल्लाने खाल्लेलं आईत. समागमाचा मागमूस त्याला कितीही शोधून सापडला नाही. (हायड्रा अंडी आणि शुक्राणूही तयार करतो, हे नंतर स्पष्ट झालं.) त्याच सुमारास त्याचा जिनिव्हातला तरुण नातलग शार्ल बोने याने माव्याची एक मादी जन्मापासून एकटी वाढवली होती. नराचं तोंडही न पाहता तिने पंच्याण्णव पिल्लं घातली. नर-मादीशिवाय प्राणी जन्मत नाहीत या समजुतीला एकाच वर्षात, एकाच नात्यातल्या दोन माणसांनी दोन बाजूंनी तडा दिला.

मग ट्रेम्ब्ले पुढे गेला. तोंडाकडचा भाग उभा चिरला तर दोन तोंडं झाली. प्रत्येक पुन्हा चिरलं. असं करत सात डोक्यांचा एक हायड्रा तयार झाला. ग्रीक पुराणातल्या हायड्रा नावाच्या राक्षसाची डोकी तोडली की पुन्हा उगवत, इथे त्याच्याही वरताण घडलं: सातही डोकी कापली तेव्हा धडाला नवी डोकी आली, आणि कापलेल्या डोक्यांतून सात नवे हायड्रा झाले. दोन वेगळ्या हायड्रांचे अर्धे भाग जवळ धरून ठेवले तर ते जुळून एक झाले. प्राण्यावर केलेलं हे पहिलं यशस्वी कलम मानलं जातं.

सर्वांत धाडसी प्रयोग १७४२ सालचा. लायडनचे वैद्यकाचार्य बर्हाव यांनी वनस्पती आणि प्राणी यांतला फरक मोठ्या चतुराईने सांगितला होता: वनस्पतीची मुळं अंगाच्या बाहेर असतात, प्राण्याची पोटात. अन्न शोषणारा पृष्ठभाग आत की बाहेर, एवढंच पाहायचं. ट्रेम्ब्लेने हायड्राला भरपेट खाऊ घातलं, म्हणजे तो फुगेल आणि तोंड ताणलं जाईल. मग रानडुकराचा एक जाड, बोथट केस त्याच्या खालच्या टोकाला लावून ते टोक आत ढकलत तोंडातून बाहेर काढलं, उशीचा अभ्रा उलटा करावा तसं. आतली बाजू बाहेर आली, बाहेरची आत गेली. बरेच हायड्रा स्वतःला पुन्हा सुलटे करून घेत, म्हणून काहींच्या तोंडाजवळ आडवा केस टोचून ठेवावा लागला. ते उलटे राहिले, आणि काही दिवसांनी खाऊ लागले, वाढले, त्यांना पिल्लं झाली. आत-बाहेरच्या व्याख्येचा आधारच गेला.

उलट्या हायड्रात नेमकं काय होतं याचा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. आतल्या थरातल्या पेशी बाहेरच्या थराचं काम शिकत नाहीत, दोन्ही थर सरकत सरकत आपापल्या जागी परततात. ट्रेम्ब्लेला हे दिसणं शक्य नव्हतं, कारण शरीर पेशींचं बनलेलं असतं हा सिद्धांत श्लायडेन आणि श्वान यांनी मांडला तो १८३८-३९ मध्ये. ट्रेम्ब्लेला दिसले ते चिकट पदार्थात रुतलेले असंख्य कण. त्याने तेवढंच लिहिलं, त्यापुढची एकही ओळ कल्पनेने भरली नाही.

या संशोधनाचा बोलबाला युरोपभर झाला त्याला ट्रेम्ब्लेचा स्वभावही कारणीभूत होता. ज्याने मागितले त्याला त्याने जिवंत हायड्रा पाठवले, सोबत ते कसे ठेवायचे, काय खायला घालायचं, कसे कापायचे याच्या सूचना. आपलं म्हणणं इतरांनी मानावं यापेक्षा त्यांनी करून पाहावं असा त्याचा आग्रह होता. १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष मार्टिन फोक्स यांनी असे जीव मागवून सदस्यांना दाखवले. त्याच वर्षी ट्रेम्ब्ले सोसायटीचा सदस्य झाला आणि त्याला कोप्ली पदक मिळालं. या औदार्याची किंमतही होती. हेन्री बेकर या इंग्रज लेखकाने स्वतः प्रयोग करून १७४३ मध्येच हायड्रावरचं पुस्तक छापलं. ट्रेम्ब्लेचा ग्रंथ १७४४ मध्ये लायडनला निघाला. त्याची चित्रं काढली हेगमधले वकील पीटर लिओनेट यांनी. तेरापैकी शेवटच्या आठ चित्रांचे ताम्रपट त्यांनी स्वतः कोरले, आणि ती कला ते त्यासाठीच नव्याने शिकले होते. ही चित्रं आजही पाहिली तर हायड्राच्या अंगाचा पारदर्शकपणा जाणवतो.

हायड्रामुळे आणखी एका माणसाला उशिरा का होईना न्याय मिळाला. मार्सेचे वैद्य पेसोनेल यांनी १७२० च्या दशकात समुद्रातल्या पोवळ्यांचं निरीक्षण करून सांगितलं होतं की ज्यांना लोक पोवळ्याची फुलं म्हणतात ते प्राणी आहेत. रेओम्यूर यांना ते इतकं असंभव वाटलं की अकादमीत विषय मांडताना त्यांनी पेसोनेल यांचं नाव घेणं टाळलं, हसं होऊ नये म्हणून. हायड्रा हाती आल्यावर ज्युसिय नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेले आणि तिथल्या 'वनस्पतीं'मध्ये त्यांना तसेच बाहूंचे प्राणी दिसले. १७४२ मध्ये रेओम्यूर यांनी आपली चूक छापील शब्दांत मान्य केली. अंगठीतलं पोवळं प्राण्यांनी घडवलेलं असतं, हे ज्ञान असं डबक्यातल्या पाण्यावाटे समुद्रापर्यंत पोहोचलं.

सगळ्यांनाच ते पटलं नाही. व्हॉल्टेअरने १७६८ मध्येही हायड्रा प्राण्यापेक्षा गाजर किंवा शतावरीच्या जवळचा असल्याचं मत मांडलं. उलट ला मेत्री या फ्रेंच वैद्याने हायड्राला आपल्या भौतिकवादाचा साक्षीदार केलं: पदार्थच जर स्वतःची रचना पुन्हा उभी करू शकतो, तर आत्म्याची गरज काय? ट्रेम्ब्ले या वादात उतरला नाही. तो श्रद्धावान प्रोटेस्टंट होता आणि निरीक्षणातून जे सिद्ध होत नाही ते त्याने सिद्ध झाल्याचं सांगितलं नाही. पुढे तो जिनिव्हाला परतला, संसारात रमला आणि मुलांच्या शिक्षणावर पुस्तकं लिहिली. १७८४ मध्ये तो वारला.

त्याच्या कात्रीचा प्रवास मात्र थांबला नाही. १९०९ मध्ये एथेल ब्राउन या अमेरिकन संशोधिकेने एका हायड्राच्या तोंडाजवळची चिमूटभर पेशीजालं दुसऱ्याच्या अंगावर रोवली, तर तिथे नवं डोकं उगवलं, आणि तेही यजमानाच्या पेशींना कामाला लावून. १९७२ मध्ये आल्फ्रेड गीरर आणि सहकाऱ्यांनी हायड्राच्या पेशी सुट्या केल्या, त्यांचा गोळा केला, आणि त्या गोळ्यातून काही दिवसांत पुन्हा हायड्रा घडले. नवं डोकं कुठे येणार हे ठरवण्यात डब्ल्यूएनटी नावाच्या प्रथिनांचा वाटा आहे. माणसाच्या गर्भाची जडणघडण होतानाही त्याच कुळातली प्रथिनं कामाला असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर अनेक वर्षं संशोधन होत आलं आहे. तिथे अभ्यासलेला एक स्थानिक वाण 'हायड्रा वल्गॅरिस इंड-पुणे' या नावाने जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे.

शाळेच्या पुस्तकात सजीवांची लक्षणं पाठ करताना पोषण, श्वसन, वाढ, उत्सर्जन, चेतनाक्षमता, हालचाल, प्रजनन ही नावं एका दमात येतात. त्यांतलं जवळजवळ प्रत्येक ट्रेम्ब्लेच्या बरण्यांत एकेकटं पुढे आलं आणि वनस्पती की प्राणी हे एकट्याच्या बळावर ठरवण्यात कमी पडलं. झाडही वाढतं, वनस्पतीही उजेडाकडे वळते, कापलेला प्राणीही जगतो. सगळी लक्षणं एकत्र ठेवल्यावरच चित्र तयार झालं. मुलांना ही यादी शिकवताना त्यामागची ही खटपट सांगितली जावी असं फार वाटतं, कारण एरवी ती यादी आकाशातून पडल्यासारखी वाटते आणि तिच्यावर शंका घ्यायला कोणी धजत नाही.

शंकेला जागा अजून आहे. हिरव्या हायड्राचा हिरवेपणा त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या आतल्या थरातल्या पेशींमध्ये एकपेशीय हरित शैवाल राहतं, सूर्यप्रकाशात साखर तयार करतं आणि त्यातला वाटा हायड्राला देतं. एकाच नळीत प्राणी आणि शैवाल दोन्ही नांदत असल्यामुळे, रंगावरून बांधलेला पहिला अंदाज अगदीच निराधार नव्हता. आणि पुस्तकांतल्या यादीच्या शेवटी बहुधा जे लक्षण असतं, ठरावीक आयुर्मान, तेही हायड्राला सरळ लागू पडत नाही. १९९८ मध्ये डॅनियल मार्टिनेझ यांनी चार वर्षं पाळलेल्या हायड्रांची नोंद प्रसिद्ध केली. वय वाढलं तरी त्यांच्यात मरणाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पुढे दोन हजारांहून अधिक हायड्रा आठ वर्षं पाळून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही मृत्यूचं प्रमाण स्थिर आणि फार कमी राहिलं. याचं कारण त्यांच्या शरीरातल्या मूलपेशींत आहे: त्या अखंड विभाजित होत राहतात, आणि जुन्या पेशी दोन टोकांकडे सरकत गळून जातात किंवा नव्या पिल्लाच्या अंगात जातात.